माझ्या पोटात शिसं नाही

मी एक जुना फासा आहे. हाडाचा आहे, सहा बाजूंचा आहे आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो, सरळ आहे. मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस मला कानाशी धरून हलवतो, मग दोन बोटांत फिरवतो आणि मग माझ्याकडे असा बघतो, की जणू मी त्याच्या खिशात हात घातला आहे. कित्येक शतकं हेच चाललं आहे. पूर्वी मला राग यायचा, आता येत नाही. कर नाही त्याला डर कशाला?

मित्रांनो, माझा जन्म स्पेनमधल्या कास्तिल नावाच्या राज्यात झाला. एका कारागिराने बैलाच्या पायाच्या हाडाची लांब पट्टी कापली, ती चारी बाजूंनी घासून गुळगुळीत केली आणि करवतीने तिचे तुकडे पाडले. त्या एका पट्टीतून आम्ही बरीच भावंडं निघालो. मग त्याने आमच्या अंगावर गिरमिटाने ठिपके कोरले आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक बारीक वर्तुळ काढलं. ती वर्तुळं अजून माझ्या अंगावर आहेत. एकाच्या पाठीला सहा, दोनाच्या पाठीला पाच, तीनाच्या पाठीला चार. कारागीर बोलायला खडूस होता, पण त्याचा हात कधी चुकला नाही.

त्याच्या बाकाखाली दुसरी एक टोपली असायची. तिच्यातल्या फाशांना तो एका बाजूने भोक पाडायचा, आत शिसं भरायचा आणि वरून हाडाचं बूच बसवून घासून टाकायचा. दिसायला ते अगदी माझ्यासारखे होते. पण त्यांना टाकलं की त्यांची जड बाजू खाली जाऊन बसायची आणि दान ठरलेलंच पडायचं. अशा फाशांसाठी आणि ते वापरणाऱ्यांसाठी राजाने कडक शिक्षा लावल्या होत्या, तरी त्या टोपलीला गिऱ्हाईक कमी नव्हतं. मी मात्र वरच्या टोपलीतला होतो. हे मी पुन्हा पुन्हा का सांगतो, ते पुढे कळेलच.

माझी पहिली नोकरी जुगाराच्या अड्ड्यावर लागली. तुम्हाला वाटेल, अड्डा म्हणजे अंधारा बोळ, दाराला कडी आणि बाहेर पहारा. तसं काही नव्हतं. तो अड्डा राजमान्य होता. राजाने गावोगावचे अड्डे ठेक्याने दिले होते आणि ठेक्याचा पैसा त्याच्या तिजोरीत जात होता. शिवाय तिथे कसं वागायचं याचे नियमही त्यानेच लिहवून घेतले होते. हरल्यावर देवाला शिव्या दिल्या तर काय शिक्षा, मारामारी केली तर काय, खोटे फासे आणले तर काय, सगळं त्यात होतं. ठेका घेतलेल्या घरात खेळलं तर खेळ आणि शेजारच्या घरात खेळलं तर गुन्हा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

माझं तिथे फार कौतुक व्हायचं. तक्रार आली की ठेकेदार मला पाण्याच्या वाडग्यात टाकून सगळ्यांना दाखवायचा, की बघा, कसा कुठल्याही बाजूवर वळतो. मी ऐटीत गटांगळ्या खायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या कौतुकाची चटक लागली होती.

मग राजे बदलले आणि नियमही बदलले. एका राजाने अड्डे बंद केले. त्याच्या मागून आलेल्याने आणखी कडक हुकूम काढला, की उघड्यावर नाही आणि लपूनही नाही, फासे कुणी खेळायचेच नाहीत. हुकूम चौकात वाचून दाखवला तेव्हा मी एका दारूवाल्याच्या बटव्यात होतो. लोकांनी माना डोलावल्या. त्याच आठवड्यात खेळ तबेल्यात सुरू झाला. नाताळच्या दिवसांत आमच्या गावाला थोडी सूट असे, तेवढे दिवस लोक चारचौघांत खेळत. एरवी घोड्यांच्या लिदीचा वास घेत घेत माझी दानं पडायची.

त्या तबेल्यात दिएगो नावाचा एक पाथरवट यायचा. चर्चच्या दारावरची दगडी वेल त्याने कोरली होती. दगडात त्याला जे दिसायचं ते दुसऱ्याला दिसत नसे, आणि तसंच आपल्याला माझ्यातही काहीतरी दिसतं, अशी त्याची खात्री होती. मी एका डावात कसा घरंगळलो, पुढच्या डावात कसा घरंगळलो, यावरून तो हिशोब मांडायचा. तो हिशोब कधीच बरोबर येत नसे, कारण मी सरळ होतो. मला मागचं दान आठवत नाही. प्रत्येक वेळी मी नव्याने पडतो. हे त्याला कोण सांगणार? एका दिवशी त्याने आधी अंगरखा पणाला लावला, मग जोडे आणि शेवटी आपल्या छिन्न्यांची पिशवी. ती पिशवी दारूवाल्याने उचलली.

आता मित्रांनो, राजाच्या त्या कडक हुकुमात एक शहाणपणाचं कलम होतं. हरलेल्या माणसाने थोड्या दिवसांच्या आत न्यायाधीशाकडे जाऊन सांगितलं, की मी खेळलो आणि अमुक हरलो, तर जिंकणाऱ्याने ते परत द्यायचं. दारूवाल्याचं दुकान न्यायाधीशाच्या घरासमोरच होतं. मी बटव्यातून बघत होतो. दिएगो आला. दारापर्यंत आला. बाजाराचा दिवस होता, पायरीवर माणसं बसली होती. त्याने टोपी काढली, हातात धरली, ओठ हलवून बघितले आणि टोपी पुन्हा घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच आला आणि तसाच गेला. छिन्न्या समोरच्या दुकानात खुंटीला टांगलेल्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, एक वाक्य बोल, तुझं सगळं तुला मिळेल. पण फाशाला तोंडं सहा असली तरी जीभ नसते.

पुढे तो दुसऱ्या गावी जाऊन विटा वाहू लागला असं कानावर आलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

नंतर एकदा तबेल्यावर धाड पडली. पळापळीत मी जमिनीच्या फटीत घरंगळलो आणि तिथेच राहिलो. किती पिढ्या गेल्या मला माहीत नाही. वर घोडे आले, गेले, तबेल्याचं धान्याचं कोठार झालं, कोठाराची शाळा झाली. कुणालाही माझी आठवण नव्हती. शेवटी जमीन उकरली तेव्हा मी मातीसकट बाहेर आलो, मला कुणीतरी विकलं, कुणीतरी विकत घेतलं आणि मी समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचलो. तिथे एका इतिहासाच्या प्राध्यापक बाईंच्या टेबलाच्या खणात मी बरीच वर्षं स्टेपलरच्या पिनांशेजारी काढली. राजवाड्याच्या नियमांत वाढलेला मी, आणि शेजार काय तर पिनांचा.

त्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला आपल्या आवडत्या विद्यार्थिनीच्या हातावर ठेवलं. तिचं नाव सावनी. सावनीचा जन्म न्यू जर्सीतलाच. ती मॅनहॅटनमधल्या एका विद्यापीठात पीएचडी करते आणि तिचा विषय म्हणजे माझी सगळी जवानी: कास्तिलच्या राजांनी जुगार बंद करायला काय काय केलं आणि तो का बंद झाला नाही. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र निम्म्या वाटेवर इंग्रजी येऊन तिला घेऊन जातं.

सावनी आईवडिलांसोबत जर्सी सिटीत राहते. तिची आई म्हणजे प्रतिमाकाकू. तशा त्या माझ्या काकू नव्हेत, पण त्या घरात येणारा प्रत्येक विद्यार्थी त्यांना काकू म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. नाशिकहून इथे येऊन त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य झालं. लेकीने मला दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून मला पाहिलं आणि म्हणाल्या, जुगाराची वस्तू आहे खरी, पण असू दे, पाडव्याला लागेल. मला काही कळेना. जिथे तिथे बंदी बघितलेल्या मला, माझी वाट बघणारा सण असतो हे कुठून माहीत असणार?

पण पाडव्याच्या आधी मला प्रथमेशकडे जावं लागलं, कारण माझी परीक्षा व्हायची होती. सावनीला तिच्या प्रबंधात लिहायचं होतं, की हा फासा खरा की शिसं भरलेला. प्रथमेश नाशिकचा. इंजिनिअरिंग करून इथे डेटा सायन्सच्या मास्टर्सला आलेला, अतिशय हुशार आणि अतिशय विनयी मुलगा. त्याची आई शरयू आणि प्रतिमाकाकू एका गल्लीत लहानाच्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे सणावारी त्याचं ताट काकूंकडे ठरलेलं. डिसेंबरात त्याचा पदवीदान समारंभ होता आणि त्यासाठी शरयू पहिल्यांदाच अमेरिकेला येणार होती. काकूंनी तिच्यासाठी वरची खोली रंगवून घेतली होती.

प्रथमेशने मला खिशात घालून नेलं. ट्रेनच्या स्टेशनाजवळच्या एका उंच इमारतीत तो आणि त्याचा मित्र सत्यजित भाड्याने राहत. मला त्याने टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि काम मात्र मन लावून केलं. असंख्य वेळा टाकलं, प्रत्येक दान टिपलं. प्रयोगशाळेतल्या मित्राकडून माझा एक्स-रेही काढून आणला. पडद्यावर माझं पोट दिसलं. आत काही नव्हतं. निखळ हाड.

"बॉस, एकदम क्लीन आहे," सत्यजितला तो म्हणाला. मित्रांनो, इतक्या शतकांनी कुणीतरी यंत्र लावून मला सर्टिफिकेट दिलं. त्या दिवशी मी टेबलावर नुसता पडलो नव्हतो, बसलो होतो.

पण त्याच टेबलावर त्याचा फोनही असायचा आणि त्या फोनमध्ये मला माझा जुना अड्डा दिसला. फासे नव्हते, लीदही नव्हती. फुटबॉल, बास्केटबॉल, कुठल्या देशातलं टेबल टेनिस, काय वाटेल त्यावर पैज लावता येत होती. हा अड्डासुद्धा परवान्याचा. राज्य सरकारने परवानगी दिलेली, सरकारचा त्यात वाटा आणि खाली बारीक अक्षरात मदतीसाठी फोन करायचा नंबर. ते बघून मला राजाची आठवण झाली. पळसाला पानं तीनच, मग तो कास्तिलमधला असो की जर्सीतला.

सत्यजितने त्याला एकदोनदा हटकलं. तेव्हा प्रथमेश शांतपणे म्हणाला, "हे गॅम्बलिंग नाहीये यार. मी मॉडेल रन करतो. गॅम्बलिंग ते करतात ज्यांच्याकडे डेटा नसतो."

खरंच त्याने एक मॉडेल बनवलं होतं. खेळाडूंची दुखणी, मैदानावरचा वारा, मागचे सामने, सगळं त्यात होतं. जिंकला की मॉडेल बरोबर असायचं. हरला की मॉडेलमध्ये एक गोष्ट घालायची राहिलेली असायची, ती घालून तो पुन्हा खेळायचा. ज्याने माझ्या पोटात काही नाही हे स्वतः यंत्राने सिद्ध केलं, तो पोरगा त्याच टेबलावर बसून नशिबाच्या पोटात शिसं शोधत होता. त्याची मान फोनवर झुकायची तेव्हा मला दिएगो दिसायचा. तीच मान, तोच हिशोब.

एके दुपारी लॅपटॉपवर विमानाच्या तिकिटाचं पान उघडं होतं. मुंबई ते न्यूअर्क, शरयूचं नाव लिहिलेलं. उन्हाळाभर विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करून त्याने ते पैसे साठवले होते. पान बराच वेळ उघडं राहिलं. मग सामना सुरू झाला, त्याने पान खाली सरकवलं आणि फोन उचलला. संध्याकाळी ते पान त्याने बंदच करून टाकलं. थोड्या वेळाने आईचा फोन आला. तिकीट काढलंस का रे, तिने विचारलं. "हो आई, झालंय," तो म्हणाला. आवाज इतका सरळ, की माझ्यासारख्या सरळ फाशालाही क्षणभर खरं वाटलं.

मग दिवाळी आली. मी पुन्हा काकूंकडे आलो आणि मला पाडव्याचं गुपित कळलं. कार्तिकातल्या त्या प्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांत हरवलं, शंकर रुसून घरातून निघून गेले आणि मग समेट झाला, अशी गोष्ट आहे. म्हणून वर्षातून त्या एका दिवशी घरात फासे खेळायचे. माझ्या गावात नाताळची सूट आणि इथे पाडव्याची. राजाला जे नीट जमलं नाही ते या लोकांनी सणात बसवून टाकलं होतं, याचं मला मोठं नवल वाटलं.

काकूंच्या माहेरच्या गल्लीत या खेळाला एक वेगळा नियम होता आणि तो त्यांनी इथेही चालवला होता. खेळ अक्रोडांवर. प्रत्येकाला ओंजळभर अक्रोड. आळीपाळीने फासा टाकायचा, ज्याचं दान मोठं त्याला सगळ्यांचा एकेक अक्रोड. ज्याचे हात सगळ्यात आधी रिकामे होतील त्याने दोन्ही तळवे उघडून सगळ्यांसमोर म्हणायचं, मी हरलो. त्याने तसं म्हटलं, की लगेच जिंकत असलेल्याने त्याची ओंजळ पुन्हा भरायची आणि म्हणायचं, घे, तुझं तुला. मग फासा उचलून वर्षभरासाठी डब्यात. एरवी झाकली मूठ सव्वा लाखाची, काकू म्हणायच्या, पण पाडव्याला मूठ झाकायची नाही. हरलेलं घरात दडवून ठेवलं, की शंकरासारखं कुणीतरी रुसून निघून जातं.

त्या संध्याकाळी काकूंनी श्रीरंगकाकांना ओवाळलं, जेवणं झाली आणि सतरंजीवर चौघं बसली. काकू, काका, सावनी आणि प्रथमेश. काका दरवर्षी हरतात आणि इतक्या आनंदाने मी हरलो म्हणतात, की सावनीला शंका आहे ते मुद्दाम हरतात. त्या वर्षी मात्र अक्रोड काकूंपुढे साचत गेले आणि सगळ्यात आधी प्रथमेशचे हात रिकामे झाले. मी त्याला एकाचं दान दिलं, मग दोनाचं, मग पुन्हा एकाचं. माझा काही डाव नव्हता. मी पडतो तसा पडलो.

"हं, उघड हात," काकू हसून म्हणाल्या.

प्रथमेशही हसला, पण हात उघडेना. अजून एक राऊंड म्हणाला. काकू म्हणाल्या, नियम आहे. तो म्हणाला, एकच, प्लीज. आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्याने सतरंजीवर ठेवलं. "हे लावतो."

मित्रांनो, मी त्या सतरंजीवरच होतो, त्या घड्याळाच्या अगदी शेजारी. मला तबेला आठवला. अंगरखा, जोडे आणि छिन्न्यांची पिशवी आठवली. काकांनी हसत विचारलं, की अरे, अक्रोडांसाठी घड्याळ? आणि त्याचा चेहरा बघून त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

काकूंनी घड्याळ उचलून उलटं केलं. "हे शरयूने दिलेलं ना तुला, इकडे येताना?"

त्याने नुसती मान हलवली. सावनीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नेहमीच्या आवाजात, अभ्यासातलं काहीतरी सांगावं तसं बोलू लागली. "यू नो, त्या राजांनी एक गोष्ट बरोबर केली होती. जो हरला, तो थोड्या दिवसांत जाऊन सगळं परत मागू शकत होता. लिगली. मी ते पेपर्स शोधतेय. मला मिळाले त्यात कोणी मागायला आलेलंच दिसत नाही."

"का?" प्रथमेशने विचारलं.

"बिकॉज मोठ्याने सांगायला लागायचं."

तो एकदम म्हणाला, "मी जुगार नाही खेळत. माझं मॉडेल आहे. सिस्टिमॅटिक आहे सगळं."

काकूंनी घड्याळ त्याच्या समोर ठेवलं. "मी कुठे जुगार म्हणाले, बाळा? आपण अक्रोड खेळत होतो."

 मला वाटलं, हाही आता उठेल, जोडे घालेल आणि निघून जाईल. दारापर्यंत आलेली माणसं परत जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्यात जेवढा जीव आहे तेवढा एकवटून मी म्हणत होतो, बोल. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी बाजूचा होतो.

त्याने हात पुढे केले. आधी मुठी होत्या, मग बोटं एकेक करून सुटली. "मी हरलो," तो म्हणाला.  "काकू, आईचं तिकीट नाहीये. मी काढलंच नाही. मी सगळं हरलो."

काकूंनी आधी काही विचारलं नाही. त्यांनी समोरच्या ढिगातले अक्रोड दोन्ही हातांनी उचलले आणि त्याची ओंजळ भरली. "घे, तुझं तुला," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, की हे अक्रोडांचं झालं, पण तिकिटाचं मला सांगून भागायचं नाही, जिचं हरलास तिला सांग. आणि त्यांनी नाशिकला फोन लावला.

तिकडे भाऊबीजेची सकाळ होत होती. शरयू शाळेत शिकवते, लवकर उठायची सवय. प्रथमेशने तिला सगळं सांगितलं, ओंजळीतले अक्रोड तसेच धरून.  मग ती रडली. मग ती रागावली, आणि चांगलीच रागावली. तिकीट गेलं त्याचं काही नाही, पण हो आई झालंय असं म्हणालास ना, त्याचं मी वेगळं बघते, असं म्हणाली.  आणि मग तिने विचारलं, "प्रतिमा, त्याने हात उघडले होते का?"

"उघडले," काकू म्हणाल्या.

"आणि तू भरलेस?"

"भरले."

"मग झालं," शरयू म्हणाली. "माझ्याकडूनही घे रे, तुझं तुला. आणि घड्याळ घाल हातात."

तिला तिकिटाचे पैसे आम्ही देतो, असं काका म्हणाले. तिने ऐकलं नाही. तो कमवेल आणि काढेल तेव्हा मी येईन, म्हणाली. डिसेंबरातला समारंभ तिने नाशिकला फोनवर बघितला. वरची रंगवलेली खोली रिकामी राहिली, याचं काकूंना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सावनीने प्रथमेशला शेजारी बसवून एक गोष्ट दाखवली. न्यू जर्सीत माणसाला आपण होऊन स्वतःवर बंदी घालून घेता येते. एकदा घातली, की ठरलेली मुदत संपेपर्यंत राज्यातला कुठलाही परवान्याचा अड्डा, फोनमधलासुद्धा, त्याला आत घेत नाही, आणि मध्येच मन बदललं तरी ती उठत नाही. मी हे ऐकलं आणि थक्क झालो. इतके राजे पाहिले, इतके हुकूम ऐकले, पण ही युक्ती त्यांपैकी कुणाला सुचली नव्हती. प्रथमेशने बंदी घालून घेतली. तो एका गटाच्या बैठकांनाही जाऊ लागला, जिथे माणसं एकमेकांना आपण काय हरलो ते सांगतात. सगळं एकदम सुतासारखं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. मध्ये एकदा तो मित्राच्या फोनवरून खेळला. पण त्याच दिवशी काकूंना फोन करून म्हणाला, काकू, आज हरलो. काकूंनी पिठलं-भात केला आणि त्याला जेवायला बोलावलं.

तेव्हापासून मी देवघराखालच्या खणात, पितळी डब्यात, कापसावर असतो. सावनीच्या प्रबंधात माझा एक्स-रे छापला आहे. खाली लिहिलं आहे, की या फाशात कोणतीही लबाडी आढळली नाही. मी ते वाक्य तिला मोठ्याने वाचताना ऐकलं आणि कापसावर जरा ताठ झालो.

यंदाच्या पाडव्याला डबा उघडला तेव्हा सतरंजीवर एक नवीन चेहरा होता. शरयू आली होती. तिकीट प्रथमेशच्या पगारातलं. तो स्वतः खेळायला बसला नाही. मी यंदा नुसता बघतो, म्हणाला, आणि कुणी आग्रह केला नाही. शरयूने मला उचललं, जुन्या सवयीने दोन्ही तळव्यांत खुळखुळवलं आणि टाकलं. मी कुणाची भीड ठेवत नाही, मित्रांनो. ती सगळ्यात आधी हरली. बरेच अक्रोड सावनीपुढे होते.

शरयूने तळवे उघडले. शाळेत इतकी वर्षं मुलांना शिकवणारी बाई, तिलाही ते दोन शब्द म्हणायला एक क्षण लागला. "मी हरले," ती म्हणाली. सावनीने आपल्यापुढचे अक्रोड उचलले आणि प्रथमेशच्या हातात दिले. त्याने आईची ओंजळ भरली. हळूहळू भरली, एकही खाली पडू न देता.

"घे आई," तो म्हणाला. "तुझं तुला."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते, की मला जपा. मी तसं म्हणणार नाही. मी हाडाचा आहे, फटीत पडूनही टिकलो आहे, मला काही होत नाही. जपायचंच असेल तर हरलेल्या माणसाला जपा. तो तुमच्या दारापर्यंत येईल, टोपी हातात घेऊन उभा राहील आणि परत फिरायच्या बेतात असेल. त्याला आत घ्या आणि त्याने मूठ उघडली, की तिच्यात काहीतरी ठेवा. अक्रोड असले तरी चालतात.